उष्णतेची रोजकीर्द

खान्देशातील एका तालुक्याच्या गावी धान्य-किराण्याचे घाऊक दुकान आहे. पेढी तीन पिढ्यांची. वहीखात्याच्या जागी आता संगणक आला आहे, गल्ल्यावर बिल छापणारे यंत्र बसले आहे आणि दुकानाच्या चार कोपऱ्यांत चार कॅमेरे लागले आहेत. मे महिन्यातील एका दुपारी मालमोटारीतून तूरडाळीचे कट्टे उतरले. संध्याकाळी मोजणी झाली तेव्हा सहा कट्टे कमी भरले. माल उतरवून घेणारा हमाल बावीस वर्षांपासून त्याच पेढीवर काम करीत होता. शेठजींनी त्याला शब्दानेही काही विचारले नाही. परंतु थोरल्या चिरंजीवांनी कॅमेऱ्याचे चित्रण तपासण्यास घेतले.

चित्रण सकाळचे होते, रात्रीचेही होते. दुपारी सव्वा ते पाच या वेळेचे मात्र नव्हते. मागील दहा दिवस पाहिले, तेव्हा प्रत्येक दुपारी साधारण त्याच वेळी खंड पडलेला आढळला. माल उतरण्याची वेळ तीच. साहजिकच घरात कुजबुज सुरू झाली, की कोणीतरी यंत्र जाणूनबुजून बंद करीत असावे. हमालाच्या कानी ती गेलीच. तो रोज येत राहिला, पायरीवर बसून राहिला. पण कोणी सांगितल्याखेरीज त्याने एकाही कट्ट्याला हात लावला नाही.

चौथ्या दिवशी डाळमिलमधून फोन आला. सहा कट्टे तेथील गोदामातच राहून गेले होते; ते पुढच्या गाडीने येत होते. हमालावरचा संशय फिटला. तरीही एक प्रश्न उरला: दुपारी यंत्र कोण बंद करीत होते? दुरुस्तीस आलेल्या कारागिराने नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचा अभ्यास करणारी शेठजींची नात सुट्टीसाठी घरी आली होती. ती म्हणाली, "आजोबा, नवे घेण्यापूर्वी मला दोन दिवस द्या." तिने लांब तारेचा एक डिजिटल तापमापक आणला आणि त्याचे टोक काउंटरखालच्या लाकडी पेटीत सोडले. दुपारी दोन वाजता दुकानातील हवा ४१ अंश सेल्सिअस होती; कुलूपबंद पेटीतील हवा ५८ अंश होती. चित्रण साठविणारे यंत्र त्याच पेटीत होते. ते बंद करणारा दुसरा कोणी नव्हताच.

जमा, खर्च आणि शिल्लक

व्यापारी घराला हे शास्त्र समजावून सांगणे अवघड नाही, कारण त्याची मांडणी रोजकीर्दीसारखीच आहे. विजेवर चालणारे लहान यंत्र जेवढी वीज घेते, त्यांपैकी जवळजवळ सर्व वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. ही जमा बाजू. ती उष्णता भोवतालच्या हवेत निघून जाते, हा खर्च. जमा अधिक आणि खर्च कमी असेल, तोवर शिल्लक वाढत जाते. आणि या खात्यातील शिल्लक म्हणजेच तापमान.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. वस्तू आणि भोवतालची हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितक्या वेगाने उष्णता बाहेर जाते. न्यूटनने १७०१ मध्ये मांडलेल्या नियमाचा हा आशय. म्हणून यंत्र तापू लागले की त्याचा उष्णताखर्चही वाढू लागतो आणि जमा-खर्च जुळतो त्या अंशावर तापमान स्थिरावते. प्रश्न एवढाच, की तो अंश यंत्राला सोसणारा आहे की नाही. चित्रण साठविणाऱ्या हार्ड डिस्कची कामाची मर्यादा बहुधा ६० अंशांपर्यंतची असते. पेटीतील हवाच ५८ अंश असेल, तर स्वतःच्या खोक्यात बसलेली डिस्क त्याहून आठ-दहा अंश अधिक तापणार, हे उघड आहे. अशा वेळी यंत्र अडखळते, स्वतःहून बंद पडते आणि संध्याकाळी हवा निवली की पुन्हा सुरू होते. पाहणाऱ्याला वाटते, कोणीतरी कळ दाबली.

याच नियमातून दुसरी गोष्टही निघते. पंखा लावल्याने यंत्र खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. माणसाला पंख्याखाली गारवा वाटतो तो घाम सुकल्यामुळे. यंत्राला घाम येत नाही. पंखा फक्त यंत्राभोवती साचलेली तापलेली हवा हटवून तेथे खोलीतील हवा आणतो. खोलीच ४१ अंशांवर असेल, तर हिशेब ४१ पासूनच सुरू होतो.

पेटीतील तीस वॅट

नातीने प्रथम जमा बाजू तपासली. पेटीत चित्रणयंत्र, इंटरनेटचा राउटर आणि दोन अडॅप्टर अशी चार उपकरणे होती. सगळी मिळून सुमारे ३० वॅट. म्हणजे बंद कपाटात ३० वॅटचा जुना, तारेचा दिवा रात्रंदिवस जळत ठेवावा, तसाच हा प्रकार. त्यावर धूळ बसू नये म्हणून घातलेली नक्षीदार चादर होतीच.

पहिला उपाय बिनखर्चाचा होता. चादर काढली. राउटर आणि अडॅप्टर पेटीबाहेर, भिंतीवरील उघड्या फळीवर गेले. पेटीतील जमा ३० वॅटवरून २० वर आली आणि दुसऱ्या दुपारी तापमापकाने ५२ अंश दाखविले. येणे वसूल करण्यापेक्षा उधारीच कमी द्यावी, हे व्यापाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही. उष्णतेच्या बाबतीतही थंड करण्याआधी तापणे कमी करावे, हा पहिला नियम आहे.

दुसरा उपाय हवेच्या वाटेचा. लाकूड उष्णता फारशी वाहून नेत नाही. म्हणून बंद लाकडी पेटीतील उष्णतेला बाहेर पडण्यास वाटच उरत नाही. बंद पडलेल्या एका संगणकातून ८० मिलिमीटरचा, १२ व्होल्टवर चालणारा पंखा काढला. तो पेटीच्या एका बाजूला, खालच्या अंगास बसविला. समोरच्या बाजूला, वरच्या अंगास सुताराकडून २५ मिलिमीटर व्यासाची दहा भोके पाडून घेतली. हे प्रमाण उगाच धरलेले नाही: दहा भोकांचे एकूण क्षेत्रफळ पंख्याच्या तोंडाच्या क्षेत्रफळाइतकेच, म्हणजे सुमारे ५० चौरस सेंटीमीटर भरते. आत येण्यास मोठे दार आणि बाहेर जाण्यास फट ठेवली, तर पंखा फिरत राहतो, हवा मात्र फिरत नाही. गरम हवा हलकी होऊन वर जाते, यास्तव प्रवेश खालून आणि निकास वरून ठेवावा.

पंखा हवा आत ढकलील की बाहेर ओढील, हाही विचार करावा लागतो. स्वच्छ जागी बाहेर ओढणारा पंखा चालतो. परंतु जेथे पीठ, मिरची, हळद यांची धूळ उडत असते, तेथे पंख्याने गाळलेली हवा आत ढकलणे श्रेयस्कर. मग पेटीच्या प्रत्येक फटीतून हवा बाहेर जात राहते आणि धूळ फटींतून आत शिरत नाही. पंख्याच्या तोंडावर डासांच्या जाळीचे दोन पदर लावावेत, भोकांवरही तीच जाळी असावी. उबेच्या ओढीने मुंग्या, झुरळे आणि पाली अशा पेट्यांत आश्रय घेतात. जाळीमुळे त्या जीवांची हानी टळते आणि यंत्राचीही. जाळी दर पंधरा दिवसांनी झटकून स्वच्छ करावी. पिठाने बुजलेली जाळी म्हणजे पुन्हा बंद दारच.

असा पंखा जाळी-भोकांचा अडथळा सोसून मिनिटाला दहा घनफूट हवा फिरवू शकला, तरी २० वॅट उष्णता वाहून नेताना ती हवा अवघी साडेतीन-चार अंशांनी तापते. प्रत्यक्षात तसेच घडले: पेटीतील तापमान ४५ अंशांवर स्थिरावले. पंख्याला लागणारी वीज २ वॅट धरली, तर वर्षभर अखंड चालूनही १७-१८ युनिट होते. पंख्याची लाल तार धन आणि काळी तार ऋण. उलट जोडल्यास पंखा फिरत नाही. जोड उघडे न ठेवता त्यांवर इन्सुलेशन टेप गुंडाळावी.

थंडाव्याचा पत्रा

याच घरातील धाकट्या नातवाची तक्रार वेगळी होती. वीज गेल्यावर १२ व्होल्टच्या बॅटरीवरून ५ व्होल्टचे एक लहान उपकरण चालावे, म्हणून त्याने बाजारातून ७८०५ क्रमांकाचा तीन पायांचा रेग्युलेटर आणून जोडणी केली होती. ती काही क्षणांतच बंद पडे. कारण पुन्हा तेच. उपकरणास अर्धा अँपिअर प्रवाह हवा होता. १२ पैकी ५ व्होल्ट कामी येत आणि उरलेले ७ व्होल्ट रेग्युलेटरच्या अंगी उष्णता होऊन पडत. म्हणजे साडेतीन वॅट. नखाएवढा हा भाग उघड्यावर ठेवला, तर दर वॅटमागे सुमारे ६५ अंशांनी तापतो. साडेतीन वॅटला ही वाढ सव्वादोनशे अंशांच्या पुढे जाते, आणि त्याच्या आतील स्फटिकाची मर्यादा आहे १२५ अंश. सुदैवाने या भागात संरक्षणाची योजना असल्यामुळे तो जळण्याआधी स्वतःच थांबतो.

अशा भागाला उष्णता पसरविण्यासाठी क्षेत्रफळ द्यावे लागते. त्यालाच हीट सिंक म्हणतात आणि तो घरी करता येतो. खिडक्यांची कामे करणाऱ्याकडे अॅल्युमिनियमचे तुकडे पडलेले असतात. त्यांतून २ मिलिमीटर जाडीचा, ७ सेंटीमीटर लांब-रुंद चौकोन घ्यावा. मध्यभागी ३ मिलिमीटरचे भोक पाडून त्याची किनार कानशीने साफ करावी. बारीकशी चर राहिली तरी भाग पत्र्याला नीट टेकत नाही. जेथे भाग टेकणार ती जागा बारीक पॉलिश पेपरने घासून सपाट करावी. उरलेल्या पत्र्यावर काळ्या रंगाचा पातळ हात दिल्यास उष्णता बाहेर टाकण्याची त्याची क्षमता वाढते. चकचकीत अॅल्युमिनियम त्या कामी फार कृपण असते. पत्रा आडवा न ठेवता उभा ठेवावा, म्हणजे दोन्ही अंगांनी हवा वर चढत राहते.

दोन धातूंचे पृष्ठ कितीही घासले तरी त्यांच्यामध्ये बारीक खळगे राहतात आणि त्यांत हवा असते. अॅल्युमिनियमच्या तुलनेत हवा उष्णता सुमारे आठ-नऊ हजार पटींनी कमी वाहते. ते खळगे भरण्यासाठी थर्मल पेस्ट नावाचा लेप असतो. साधा पांढरा लेपही हवेपेक्षा पंचवीस-तीस पटींनी चांगला वाहक आहे, पण अॅल्युमिनियमपुढे तो शेकडो पटींनी दुबळा आहे. म्हणून लेप खळगे भरण्यापुरताच द्यावा. पोळीला तूप लावावे तसा तो भरपूर माखला, तर वाट मोकळी होण्याऐवजी अडते. शिवाय अशा भागांची धातूची पाठ अनेकदा आतून विजेच्या मार्गाला जोडलेली असते. दोन भाग एकाच पत्र्यावर बसवायचे असतील, तर मध्ये अभ्रकाची चकती आणि स्क्रूसाठी इन्सुलेटेड वॉशर घालणे आवश्यक ठरते.

एवढे केल्यावर नातवाचा रेग्युलेटर ४० अंशांच्या खोलीत आतून सुमारे १०० अंशांपर्यंत तापू लागला, पण चालत राहिला. तरी बहिणीने त्याला पुढचा प्रश्न विचारला: अडीच वॅटचे काम करण्यासाठी साडेतीन वॅट वाया का घालवायचे? तिने त्या जागी बक कन्व्हर्टर नावाची छोटी पट्टी बसविली. ती जादा व्होल्ट जाळत नाही, वेगाने उघडझाप करून हवे तेवढेच पुढे पाठविते. वाया जाणारी उष्णता अर्ध्या वॅटच्या आत आली आणि पत्र्याची गरजच उरली नाही.

फसवे उपाय

उन्हाळ्यात सुचणारे काही उपाय तोट्याचे ठरतात. तापलेला मोबाइल फ्रिजमध्ये ठेवल्यास बाहेर काढताच हवेतील बाष्प त्याच्या आत-बाहेर दवासारखे साचते. अॅडॅप्टरवर ओले फडके ठेवणे तर धोक्याचेच. कूलरचा झोत थेट यंत्रावर सोडू नये; त्यातील सूक्ष्म थेंबांबरोबर पाण्यातील क्षार येतात आणि सांध्यांवर गंज चढवितात. लेपाऐवजी टूथपेस्ट लावल्यास ती थोड्याच दिवसांत वाळून भेगाळते.

वीज दिली की एक बाजू बर्फासारखी गार करणारी पेल्टिए पट्टीही अलीकडे मुलांच्या हाती येते. जाँ पेल्टिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये ज्या परिणामाचा शोध लावला, त्यावर ती चालते. ती गार बाजू पाहून मन मोहून जाते, पण जमाखर्च मांडावा. पट्टीने स्वतः ६० वॅट घेऊन २० वॅट उष्णता उचलली, तर तिच्या गरम बाजूकडून ८० वॅट बाहेर टाकावे लागतात. वीस वॅटच्या अडचणीसाठी ऐंशी वॅटची अडचण पदरात घेतल्यासारखे हे होते.

आयुष्याचे गणित

यंत्र बंद पडत नाही, तर थंड कशाला करावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर कपॅसिटर देतो. अॅडॅप्टर, राउटर, बिलयंत्र, एलईडी दिव्याचा चालक या सर्वांत विद्युतभार साठविणारी ही नळकांडी असतात आणि आतील द्रव हळूहळू सुकून ती निकामी होतात. तंत्रज्ञांचा ठोकताळा असा, की तापमान दर १० अंशांनी उतरले की कपॅसिटरचे आयुष्य दुप्पट होते. १०५ अंशांवर २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकेल. अखंड वापरात ते सुमारे ३ वर्षे ८ महिने होतात. तोच ५५ अंशांवर राहिला, तर ६४,००० तास, म्हणजे ७ वर्षे ४ महिन्यांच्या आसपास. दहा अंशांची ही मिळकत जुना पंखा आणि दहा भोके एवढ्यात होते. शेठजींच्या पेटीत तर ती तेरा अंशांची झाली.

हात कोठे थांबवावा

घरगुती उपायांना एक स्पष्ट सीमा आहे आणि ती भिंतीतील विजेपाशी सुरू होते. २३० व्होल्टवर चालणारा अॅडॅप्टर, इन्व्हर्टर किंवा संगणकाचा वीजपुरवठा घरी उघडू नये. त्यांच्या आतील कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकू शकतो. आतील धातूचे पत्रेही कधी कधी थेट त्याच विजेला जोडलेले असतात. अशा वस्तूंना बाहेरून मोकळी हवा द्यावी. आत हात घालू नये. हमीची मुदत शिल्लक असल्यास खोके उघडल्याने ती जाते, हेही लक्षात असावे.

बाहेरून तपासण्याची साधी रीत अशी: तळहात पाच सेकंद सुखाने टेकविता आला, तर पृष्ठभाग साधारण ५० अंशांच्या आत आहे. अॅडॅप्टरवर हात ठेववत नसेल, जळका वास येत असेल किंवा प्लास्टिक पिवळे पडले असेल, तर थंड करण्याच्या भानगडीत न पडता तो बदलावा. कापड, कागद आणि बारदान यांच्या सान्निध्यात तापलेला अॅडॅप्टर ठेवणे हे दुकानाच्या दृष्टीने आगीला आमंत्रण आहे. बंद पडलेला पंखा कळावा म्हणून आठवड्यातून एकदा भोकांपाशी हात धरून हवा येते की नाही ते पाहावे, आणि महिन्यातून एकदा चित्रण उघडून दुपारचे तास तपासावेत.

पेटी नीट झाली त्या दिवशी दुपारी दुकानात पुन्हा माल उतरला. संध्याकाळी शेठजींनी हमालाला गादीपाशी बोलाविले आणि पडद्यावर सव्वा ते पाच या वेळेचे अखंड चित्रण दाखविले. एकेक कट्टा उतरत होता, हमाल मोजत होता, मध्येच माठातले पाणी पीत होता. "हे यंत्र उकाड्याने बंद पडत होते," शेठजी म्हणाले, "आणि आम्ही तुमच्याकडे पाहिले. चूक आमची झाली." हमालाने हात जोडले. थोड्या वेळाने त्याने विचारले, "शेठ, त्या पेटीला वारा लागला, तर वखारीतसुद्धा दुपारी एक पंखा लागेल का?"

वखारीत पोती रचणाऱ्या माणसांच्या डोक्यावर इतकी वर्षे पंखा नव्हता. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला निरोप गेला.